तार कधी गिळली?

चाचांच्या हातात विमा कंपनीचे पत्र होते आणि ते इंग्रजीत होते. शेलूबाजारला चहाच्या टपरीवर त्यांनी ते तिघांना दाखवले, तिघांनी तीन अर्थ सांगितले. शेवटी मगरिबच्या नमाजनंतर ते माझ्याकडे आले. मी निवृत्त मास्तर. गल्लीतल्या लोकांच्या कागदांचा अर्थ लावणे हे माझे उरलेले काम. पत्रातला मतलब दीड ओळीचा होता: जनावर ज्या आजाराने मेले तो आजार विमा सुरू होण्याआधीपासूनचा होता, सबब दावा नामंजूर.

"म्हणजे काय बेटा?" चाचांनी विचारले.

"म्हणजे विमा काढला तेव्हाच म्हैस आजारी होती, असं ते म्हणतात."

चाचा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आजारी म्हैस रोज आठ लिटर दूध देते का? अन् गाभण राहते का?"

या प्रश्नाचे उत्तर पत्रात नव्हते. ते शोधायला बसलो आणि हा लेख झाला.

आधी हकीकत सांगतो. चाचांनी बँकेच्या कर्जावर दोन मुऱ्हा म्हशी घेतल्या होत्या. त्यातली ही एक, दुसऱ्या वेताची, नुकतीच व्यालेली. मार्च महिन्यात विमा झाला. हप्ता कर्जातूनच कापला गेला. विमा हवा का, असे चाचांना कोणी विचारले नाही आणि त्यात काय आहे, काय नाही, हेही कोणी सांगितले नाही. लिंबाच्या झाडाखाली म्हैस बांधली. डॉक्टर आले, त्यांनी दात पाहिले, कास चाचपली, ताप मोजला, कानात पिवळा बिल्ला मारला, मालकासकट फोटो काढला आणि जनावर निरोगी असल्याचा दाखला लिहिला. किंमत ठरली ऐंशी हजार. सगळे मिळून अर्धा तास.

डिसेंबरात म्हैस सातव्या महिन्याची गाभण होती. तिने चारा कमी केला. उतारावरून उतरताना कण्हू लागली. मग पुढच्या दोन पायांच्या मध्ये सूज आली आणि अकराव्या दिवशी ती मेली. शवविच्छेदनात चार बोटे लांबीची तार निघाली. पोटाच्या जाळीसारख्या दुसऱ्या कप्प्यातून, छातीचा पडदा भेदून, ती हृदयापर्यंत गेली होती. हृदयाभोवती पू होता.

गुरे पाळणाऱ्याला हा प्रकार नवा नाही. गाय-म्हैस चारा निवडून खात नाही. आधी भराभर गिळते, मग निवांत बसून रवंथ करते. कुटारात, कडब्यात, उकिरड्यावर पडलेला खिळा किंवा तारेचा तुकडा चाऱ्यासोबत पोटात जातो आणि जड असल्यामुळे त्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसतो. कित्येक जनावरांत तो आयुष्यभर तसाच पडून राहतो, काही बिघडत नाही. एखादीत मात्र गर्भ वाढला, पोटात दाब आला, की तो पुढे सरकतो आणि घात करतो.

डॉक्टरांनी अहवालात दोन शब्द लिहिले होते. तार 'गंजलेली' आणि जखम 'जुनाट'. कंपनीने नेमके हे दोन शब्द उचलले. गंजलेली, म्हणजे जुनी. जुनाट, म्हणजे मार्चच्या आधीची. झाला निकाल.

मी विचारतो, कुटारात पडलेली तार काय दुकानातून आणल्यासारखी कोरी असते? ती गिळली त्या दिवशीच गंजलेली असणार. आणि डॉक्टरी भाषेत जुनाट जखम ही काही आठवड्यांचीही असते. त्या शब्दाला तारीख नसते. म्हशीने तार फेब्रुवारीत गिळली की ऑगस्टात, हे सांगू शकेल असा माणूस दुनियेत नाही. ते अल्लाहला ठाऊक. आणि, पत्रावरून दिसते तसे, विमा कंपनीला!

योगायोग असा की त्याच आठवड्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. तिने एक मांजर पाळले आहे. कोणीतरी सोडून दिलेले लांब केसांचे पिल्लू, तिने घरी आणले. आता शहरात कुत्र्यांसोबत मांजरांचाही विमा मिळतो. ती अर्ज भरत होती.

"अब्बू, फॉर्ममध्ये विचारलंय, आधी काही आजार झाला होता का. त्याला खरूज झाली होती, आता बरी आहे. लिहू का?"

"लिही," मी म्हणालो.

"लिहिलं तर खरजेचा खर्च देणार नाहीत."

"नाही दिला तर नाही. पण लिही."

तिने लिहिले. कंपनीने कळवले की त्वचेचा तो आजार पॉलिसीतून वगळला आहे, बाकीच्या आजारांना संरक्षण आहे, हप्ता इतका. तिने विचार केला आणि पैसे भरले. या व्यवहारात मला खोट दिसत नाही. मालकाने ऐब सांगितला, घेणाऱ्याने तो ऐकला, सौदा होण्याच्या आधी काय घेतले आणि काय सोडले हे दोघांना कळले.

पुण्याच्या मांजराला जे मिळाले ते शेलूबाजारच्या म्हशीला का मिळू नये, एवढाच माझा सवाल आहे.

आता हे कलम मुळात आहे कशासाठी, तेही बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे दोन टोकाचे लोक आहेत. एकाला वाटते, विमा म्हणजे लुबाडणूकच. दुसऱ्याला वाटते, हप्ता भरला म्हणजे काहीही झाले तरी पैसे मिळायला हवेत. दोघांचेही चूक आहे. शंभर जण थोडे थोडे पैसे एका पेटीत टाकतात, ज्याचे जनावर अचानक मरेल त्याला त्यातून मिळते. म्हैस खाली बसल्यावर मी विमा काढायला धावलो आणि आठ दिवसांनी ऐंशी हजार मागितले, तर मी ते पैसे बाकीच्या नव्व्याण्णव लोकांच्या खिशातून काढतो. म्हणून आधीचा आजार वगळतात. म्हणूनच बहुतेक पॉलिसीत सुरुवातीचे पंधरा दिवस किंवा त्याच्या आसपासची मुदत असते, त्या काळात आजाराने जनावर मेले तर दावा मिळत नाही. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांसारख्या रोगांसाठी लसीचा दाखला मागतात. बिल्ला नसेल तर दावा नाही, कारण मेलेले जनावर तेच होते हे सिद्ध कसे करणार? चोरी, हरवणे, मुद्दाम केलेली हेळसांड, हेही वगळलेले असते. या अटी कडक आहेत, पण प्रत्येकीला कारण आहे.

माझे भांडण कलमाशी नाही. 'आधीचा' या शब्दाचा जो रबर केला जातो, त्याच्याशी आहे.

नीट पाहिले तर 'आधीचा आजार' तीन प्रकारचा असतो. पहिला, जो मालकाला ठाऊक होता, ज्यावर औषध झाले होते आणि तरी त्याने लपवला. दुसरा, जो तपासणीत दिसण्यासारखा होता, पण तपासणाऱ्याने नीट पाहिले नाही. तिसरा, जो कोणालाच दिसणे शक्य नव्हते. पोटातली तार या तिसऱ्या जातीची. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू अंगात असतात आणि गाय गर्भ टाकेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातून बरे झालेले जनावर रक्तात जंतू बाळगून महिनोन्महिने ठणठणीत राहते. आतड्याचा जुनाट हगवणीचा एक रोग तर वासरू असताना लागतो आणि वर्षांनी दिसतो. असा अर्थ ताणत गेले तर मरणाऱ्या प्रत्येक जनावराच्या मरणाचे मूळ विम्याच्या आधीच्या दिवसात सापडेल. मग विमा उरला कशाचा? वीज पडण्याचा आणि ट्रकखाली येण्याचा?

पहिल्या प्रकारात मालकाने भोगावे. दुसऱ्यात तपासून पैसे घेणाऱ्याने भोगावे. आणि तिसरा प्रकार, जो कोणालाच दिसत नाही, त्याच्यासाठीच तर विमा असतो. दिसत असलेल्या संकटाचा विमा कोण कशाला काढेल?

माणसांच्या बाबतीत हे मान्य झालेले आहे. आरोग्य विम्यात 'आधीचा आजार' म्हणजे काय, याची व्याख्या विमा नियामकाने बांधून दिली आहे: पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने ज्याचे निदान केले किंवा ज्यावर सल्ला-उपचार झाला, तो. म्हणजे आजार शरीरात कुठेतरी दडून होता एवढ्याने भागत नाही, तो कोणाला तरी कळलेला असावा लागतो. शिवाय असा आजार सांगितलेला असेल तर त्यासाठी थांबण्याची मुदतही जास्तीत जास्त ३६ महिने. ती २०२४ पर्यंत ४८ महिने होती. आणि सलग ६० महिने हप्ते भरले, की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जुन्या आजाराच्या नावाने दावा नाकारता येत नाही. आयुर्विम्यात तर १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४५ आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षे उलटली की पॉलिसीवर कोणत्याही कारणाने शंका घेता येत नाही.

जनावरांच्या पॉलिसीत सहसा यातले काहीच नसते. 'विम्यापूर्वी जडलेला आजार' एवढेच मोघम शब्द. कोणाला कळलेला, किती महिन्यांपूर्वीचा, कोणत्या कागदावरून, काही नाही. पॉलिसी वर्षाची. चार वर्षे सलग हप्ता भरला तरी पाचव्या वर्षी 'आधीचा' म्हणायला मोकळे. कायद्याने माणसाला दिलेले कुंपण जनावराच्या मालकाला मिळालेच नाही. आणि जनावराचा मालक कोण? ज्याच्याकडे दीड एकर सोयाबीन आहे आणि ज्याचे घर दुधावर चालते तो. समृद्धी महामार्ग आमच्या शेलूबाजारजवळून गेला, नागपूरचे अंतर कमी झाले. चाचांच्या गोठ्यापासून न्यायाचे अंतर मात्र तेवढेच राहिले.

हा मसला आपल्या लोकांना नवा वाटू नये. आमच्या गावाच्या नावातच बाजार आहे आणि आपल्यातले किती तरी लोक पिढ्यान् पिढ्या गुराढोरांच्या, शेळ्या-बकऱ्यांच्या व्यवहारात आहेत. बाजाराचा कायदा त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेला नाही. बैल मारका असेल, गाय लाथ मारत असेल, एखादा सड बंद असेल, तर विकणाऱ्याने ती खोड आधी सांगायची. ज्याने सांगितली नाही त्याच्याकडे लोक दुसऱ्यांदा जात नाहीत. आणि घेणाऱ्याने दात पाहिले, चालवून पाहिले, पिळून पाहिले, पैसे मोजले, की नंतर कुरकुर करायची नाही. ही दोन्ही बंधने सोबत चालतात. एकच बंधन ठेवून दुसरे काढले तर तो बाजार राहत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः व्यापारी होते. धान्याच्या ढिगात हात घालून त्यांनी खालचे ओले धान्य बाहेर काढले आणि ओले वर का ठेवले नाहीस असे विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. दुसरी तेवढी ऐकिवात नसते. दूध न काढता कास तुंबवून, जनावर दुधाळ आहे असे भासवून विकायला त्यांनी मनाई केली आणि फसलेल्या खरेदीदाराला ते जनावर परत करण्याचा हक्क दिला. म्हणजे ऐब लपवणाऱ्याला सूट नाही. पण कुर्बानीच्या जनावराचा नियमही आठवा. आंधळेपणा, आजार, लंगडेपणा यांमुळे जनावर बाद होते, पण अट अशी की ते उघड दिसणारे असले पाहिजे. जे डोळ्यांना दिसलेच नाही त्याचा दोष कुर्बानी करणाऱ्यावर ठेवलेला नाही. आणि फिकहचा आणखी एक सर्वांना माहीत असलेला कायदा: जो दावा करतो, पुरावा त्याने द्यायचा.

इथे 'आजार आधीचा होता' हा दावा कोणाचा आहे? कंपनीचा. मग पुरावा चाचांनी का द्यायचा?

आपल्याला शरियतचे दाखले नको असतील तर आपल्या देशाच्या न्यायालयाचे घ्या. २००७ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध ईशरदास मदनलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वगळणुकीच्या कलमाचा आधार घ्यायचा असेल तर प्रकरण त्या कलमात बसते हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर आहे. मग ६ डिसेंबर २०२१ चा मनमोहन नंदा खटल्याचा निकाल. अमेरिकेला निघालेल्या गृहस्थांनी प्रवासाचा विमा काढला, मधुमेह असल्याचे सांगितले, तिथे उतरताच हृदयविकाराचा झटका आला. कंपनीने जुन्या दुखण्याकडे बोट दाखवून दावा नाकारला. न्यायालयाने ते मान्य केले नाही. विमेदाराच्या तब्येतीचा अंदाज घेऊन एकदा पॉलिसी दिली, की त्याने सांगितलेल्याच दुखण्याचे कारण पुढे करून कंपनीला दावा फेटाळता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ.

तो खटला माणसाचा होता, मान्य. पण तपासून घेतलेल्या सौद्याचे तत्त्व म्हशीला लागू होत नाही असे कोणी म्हणत असेल तर त्याने कारण द्यावे. यावर कंपनीच्या बाजूने मला सांगण्यात आले की दाखला देणारा डॉक्टर आमचा नसतो. अरे, पण त्याच दाखल्यावर तुम्ही ऐंशी हजारांची किंमत मान्य केली ना? त्याच दाखल्यावर हप्ता घेतला ना? हप्ता घेताना दाखला पक्का आणि दावा देताना कच्चा, हा कुठला हिशेब?

आता थोडे आपल्या घरात पाहू. हा भाग काहींना आवडणार नाही.

कंपन्या संशयी झाल्या त्याला आपणही कारण आहोत. मेलेल्या जनावराचा कान कापून बिल्ला दुसऱ्याच्या नावावर दाखवणे, मरायला टेकलेल्या बकरीचा विमा काढणे, दोन पैसे देऊन दाखल्यावर किंमत फुगवून घेणे, हे होते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. "कंपनीचा पैसा आहे, कोणाच्या बापाचं काय जातं" असे म्हणणारे मी मशिदीच्या पायरीवर ऐकले आहेत. जाते ना. चाचांचे जाते. प्रत्येक खोट्या दाव्यानंतर पुढच्या खऱ्या दाव्याकडे संशयाने पाहिले जाते. हरामचे ते पैसे फक्त कंपनीचे नसतात, त्यात शेजाऱ्याच्या हक्काचेही असतात.

दुसरी सबब धर्माची. विमा हरामच आहे, मग त्यासाठी भांडायचे कशाला, असे काही जण म्हणतात. उलेमांमध्ये यावर चर्चा आहे आणि मी तिची टिंगल करणार नाही. १९८५ मध्ये जेद्दाच्या फिकह अकादमीने नफ्यासाठी चालणारा व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्याचा विमा जायज ठरवला. ज्याला पटते त्याने व्यापारी विमा घेऊ नये. पण चाचांसारख्याचा हप्ता कर्जातून परस्पर कापला जातो, त्याला निवड दिलेलीच नसते. त्याचे पैसे गेले, म्हैस गेली, आणि आपण त्याला सब्र शिकवायचे? जुलूम होताना गप्प बसायला तकवा म्हणत नाहीत.

तिसरी सबब, सरकार आहे की! २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्य सरकारने दुभत्या जनावराला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये दिले. विमा आहे की नाही, आधी काही आजार होता की नाही, हे विचारले नाही. चांगले केले. पण ती मदत साथीची होती. एका गोठ्यातली एक म्हैस तारेने मेली तर त्याची साथ होत नाही, मंत्रिमंडळाची बैठक होत नाही. मदत ही देणाऱ्याच्या मर्जीची, विमा हा पैसे मोजून घेतलेला हक्क. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून शेतकऱ्याने हप्त्याचा १५ टक्केच वाटा भरायचा, बाकीचा केंद्र आणि राज्याने, असे ठरले आहे. म्हणजे ८५ टक्के पैसा जनतेचा. एवढा जनतेचा पैसा घेणाऱ्या पॉलिसीत 'आधीचा' या शब्दाची व्याख्या नसावी, हे सरकारलाही शोभणारे नाही.

माझ्या मागण्या अवघड नाहीत. माणसाच्या विम्यासारखी जनावराच्या विम्यातही व्याख्या करा: आधीचा आजार म्हणजे ज्याचे निदान किंवा उपचार झाल्याची कागदोपत्री नोंद आहे तोच. निरोगी असल्याचा दाखला स्वीकारून पॉलिसी दिली तर आजार आधीचा होता हे पुराव्याने सिद्ध करणे कंपनीचे काम. विमा खंड न पाडता नवा केला तर मागच्या वर्षी जडलेला आजार 'आधीचा' धरू नका. आणि नकाराचे पत्र मराठीत द्या, त्यात कोणत्या पशुवैद्याने कशावरून हे मत दिले ते लिहा. हे बदल होईपर्यंत मात्र आपले काम आपल्यालाच करावे लागेल.

विमा काढताना जनावराला जे काही झाले असेल ते सांगा आणि अर्जावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेले कोणी ऐकलेले नसते. अर्जाची आणि दाखल्याची प्रत स्वतःकडे ठेवा. डॉक्टर आले की तारीख, औषध, लस एका वहीत टिपा. मुलगा शाळेत जातो ना, त्याच्याकडून लिहून घ्या. हीच वही उद्या तुमचा पुरावा. तारेचा धोका असेल तर डॉक्टरांना लोहचुंबकाबद्दल विचारा. जनावराच्या पोटात सोडलेले चुंबक खिळे-तारा धरून ठेवते, त्या पुढे सरकत नाहीत. बिल्ला पडला तर त्याच दिवशी कळवा. जनावर मेले तर कळवल्याशिवाय आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका.

दावा नाकारला तर पत्र फाडू नका. आधी कंपनीच्याच तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि तुम्ही मान्य केलेला निवाडा कंपनीला पाळावा लागतो. किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जा. तो आपल्या जिल्ह्याचा वाशीमलाच आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. एका वेळी एकच दार ठोठवायचे, हे लक्षात ठेवा.

चाचांचे काय झाले? अजून काही झालेले नाही. तक्रार मी लिहून दिली आहे, पोच आली आहे. मेलेल्या म्हशीच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला जातो आहे, दुसऱ्या म्हशीच्या दुधातून. चाचींनी कानातले मोडायची गोष्ट काढली होती, चाचांनी तूर्त थांबवले आहे. दुसऱ्या म्हशीचा विमा नवा करायची वेळ आली तेव्हा चाचा म्हणाले, "पुन्हा पैसे कशाला बुडवू?"

मी म्हणालो, "काढा. या वेळी अर्ज मी भरतो. तुम्ही फक्त सांगत जा, एक गोष्टही सोडू नका."

डॉक्टर आले त्या दिवशी चाचा घरातून प्लास्टिकची एक डबी घेऊन आले. शवविच्छेदनाच्या वेळी त्यांनी ती तार मागून घेतली होती. डबी उघडून त्यांनी ती डॉक्टरांपुढे धरली आणि म्हणाले, "साहेब, हिच्या पोटात अशी एखादी आहे का, तेवढं पाहून लिहा."

डॉक्टर म्हणाले, "चाचा, हे बाहेरून कसं दिसणार?"

"तेच लिहा," चाचा म्हणाले.

डॉक्टरांनी क्षणभर चाचांकडे पाहिले आणि दाखल्याच्या खाली एक ओळ वाढवली: बाह्य तपासणीत जनावर निरोगी, पोटातील बाह्य वस्तू या तपासणीत दिसू शकत नाही. त्या दाखल्यावर कंपनीने हप्ता घेतला आहे. त्याची प्रत माझ्या कपाटात आहे.